भाड्याच्या घरात भिंतीला भोक न पाडता डिश कशी बसवावी?

तिसरा मजला

नमस्कार. मी तिसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या सदनिकेत राहतो. भिंत, छत, फरशी आणि बाल्कनीचा कठडा यांपैकी कशालाही लेखी परवानगीवाचून भोक पाडायचे नाही, असे भाडेकरारात स्पष्ट लिहिलेले आहे. डिश बसवायला आलेल्या कारागिराने पिशवीतून सर्वांत आधी ड्रिल मशीनच बाहेर काढले आणि मी नकार देताच, 'भोकाशिवाय डिश उभी राहत नाही', असे सांगून तो निघून गेला. त्यानंतर मी स्वतःच डिशचा खांब कठड्यावरच्या पाइपला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून पाहिला. दोन दिवस चित्र उत्तम आले. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि पडदा काळा झाला.

डिश 60 सेंटीमीटरची आहे. बाल्कनी 1.3 मीटर खोल असून वरच्या मजल्याचा स्लॅब फरशीपासून 2.8 मीटर उंचीवर आहे. कठडा विटांचा, 1 मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावर लोखंडी पाइप बसवलेला आहे. उपग्रह जवळजवळ बाल्कनीच्या समोरच, क्षितिजापासून 48 अंशांवर आहे.

माझ्यापुढे तीन मार्ग आहेत: पाइपला चांगल्या प्रतीचा क्लॅम्प लावणे, खाली वजन ठेवलेल्या स्टँडवर डिश उभी करणे किंवा एखाद्या पक्क्या गोंदाने तिची बैठक भिंतीला चिकटवणे. यांपैकी कोणता मार्ग खरोखर टिकतो? शिवाय बाल्कनीचे दार बंद ठेवून केबल आत कशी आणावी, हाही प्रश्न आहेच.

ओळंबा

आपण मापे दिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. स्टँड की क्लॅम्प हे ठरवण्याआधी डिशला आकाश दिसते की नाही, हे पाहिले पाहिजे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? दूरचित्रवाणीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीवरून पाहणाऱ्याला एकाच जागी स्थिर भासतील असे फिरत असतात. त्यांच्याकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की मध्ये स्लॅब, भिंत किंवा पानांनी भरलेले झाड आले तर तो वाया जातो.

आता आपल्या बाल्कनीचा हिशेब करू. डिशचा मध्य फरशीपासून 50 सेंटीमीटरवर ठेवला, तर ती थोडी मागे कललेली असल्यामुळे तिची खालची कड साधारण 23 सेंटीमीटरवर येईल. कठडा तिच्याहून 77 सेंटीमीटर उंच आहे. 48 अंशांची रेषा 1 मीटर पुढे गेली की 1.11 मीटर वर चढते, म्हणून डिश कठड्यापासून निदान 70 सेंटीमीटर मागे ठेवली तर खालच्या कडेकडे येणारे किरणही कठड्यावरून सुटतात. वरच्या कडेचे पाहायचे तर ती सुमारे 78 सेंटीमीटरवर राहील. तिच्यावर स्लॅब 2 मीटर उंच आहे आणि ती रेषा 1.8 मीटर पुढे गेल्यावरच स्लॅबच्या पातळीला पोहोचेल. आपली बाल्कनीच 1.3 मीटरची असल्यामुळे तोवर ती रेषा बाल्कनीबाहेर, मोकळ्या आकाशात गेलेली असेल. मात्र उपग्रह अगदी समोर नसून तिरपा असेल, तर ही सगळी अंतरे त्या तिरक्या दिशेने मोजावी लागतात, हे ध्यानात ठेवावे.

हा हिशेब मी मुद्दाम सविस्तर मांडला, कारण डिश जितकी उंच तितकी चांगली, असा समज सर्वत्र रुजलेला आहे. उपग्रह आकाशात वर असेल तेव्हा डिश कठड्याच्या आड, जवळजवळ फरशीला टेकून बसवता येते. उपग्रह क्षितिजाजवळ असेल तेव्हा मात्र हे जमत नाही. आपल्या बाबतीत जमते आणि वाऱ्याच्या दृष्टीने पाहता हीच मोठी सोय आहे.

60 सेंटीमीटरच्या डिशचे क्षेत्रफळ 0.28 चौरस मीटर असते. ताशी 60 किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर समोरून आदळला, तर सुमारे 6 किलो वजनाइतका दाब पडतो. ताशी 100 किलोमीटर वेगाला हाच दाब 16 किलोंच्या वर जातो, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आता समजा, स्टँडचा तळ 60 सेंटीमीटर चौरस आहे. डिशचा मध्य 80 सेंटीमीटर उंचीवर असेल, तर त्या वादळात ती उलटू नये म्हणून तळावर सुमारे 44 किलो हवेत. तोच मध्य 50 सेंटीमीटरवर आणला, तर 27 किलो पुरतात. या आकड्यांची दीडपट धरल्याशिवाय मी कोणालाही स्टँड उभा करू देणार नाही, कारण उंच इमारतींच्या कोपऱ्यांवर वारा अचानक झोत मारतो.

हे वजन कशाचे ठेवायचे, तर सिमेंटच्या फरशांचे. 30 सेंटीमीटर चौरस आणि 5 सेंटीमीटर जाडीची एक फरशी साधारण 10 किलोंची भरते. अशा चार फरशांनी तळ बरोबर झाकला जातो आणि 41 किलो होतात. दुसरा थर रचला की 82. तळाखाली जाड रबराची चटई अंथरावी, म्हणजे स्टँड सरकत नाही आणि घराच्या फरशीवर ओरखडेही उठत नाहीत. वाळूच्या पिशव्या वापरू नयेत. ऊन आणि पावसाने पिशवी कधी फाटते ते कळत नाही आणि वजन हळूहळू कमी होत जाते.

पाइपला क्लॅम्प लावण्याला मी पूर्ण विरोध करणार नाही. पण आपल्या पट्ट्या का हरल्या, हे समजून घ्यावे. या संदेशांची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असते आणि 60 सेंटीमीटरची डिश आकाशाचा जेमतेम 3 अंशांचा तुकडा पाहते. ती मध्यापासून दीड अंश ढळली की संदेश निम्मा होतो आणि दीड अंश म्हणजे डिशची एक कड दुसऱ्या कडेच्या तुलनेत अवघी दीड सेंटीमीटर पुढे-मागे होणे. पोकळ पाइप हाताने हलवून पाहावा. तो थरथरत असेल तर क्लॅम्प कितीही महाग असला तरी व्यर्थ आहे. शिवाय क्लॅम्पवरची डिश अर्धी कठड्याबाहेर लोंबते. तीन मजले खालून कोणी जात असताना एखादा बोल्ट निसटला, तर भाडेकराराचे कलम ही सर्वांत किरकोळ बाब ठरेल.

आकाशदर्शक

वरील हिशेब योग्य आहे. दिशेबाबत दोन गोष्टींची भर घालतो. फोनमधील होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ सर्रास खोटे बोलते, म्हणून दिशा खोलीच्या मध्यभागी किंवा इमारतीबाहेर उभे राहून घ्यावी आणि दूरची एखादी खूण, म्हणजे पाण्याची टाकी किंवा इमारतीचा कोपरा, लक्षात ठेवून मग बाल्कनीत यावे.

दुसरी गोष्ट कोनाची. घरगुती डिश बहुधा 'ऑफसेट' प्रकारची असते. तिचा एलएनबी, म्हणजे दांड्याच्या टोकावरचा संदेश टिपणारा भाग, समोर मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे ती दिसते त्याहून साधारण 20 ते 25 अंश अधिक वर पाहत असते. 48 अंशांच्या उपग्रहासाठी डिश 48 अंश मागे कलंडवणारे अनेक जण मी पाहिले आहेत आणि मग ते दिवसभर आकाशात भलतीकडे शोधत बसतात. डिशच्या मागील कोनपट्टीवर हा फरक आधीच धरलेला असतो, पण ती पट्टी खरी ठरण्यासाठी स्टँडचा खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, असला पाहिजे. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून स्टँड नुसता ठेवून भागत नाही. पाणसळ (सपाटी तपासण्याचे साधन) लावून तळाखाली पातळ रबराचे तुकडे सरकवावे लागतात.

एक मौजेची गोष्ट सांगतो. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आगेमागे काही दिवस सूर्य रोज काही मिनिटे थेट उपग्रहाच्या मागून जातो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात चित्र विस्कटते. सगळे त्याला कंटाळतात, पण जागा निवडण्यासाठी यासारखी कसोटी नाही. त्या मिनिटांत बाल्कनीत जिथे ऊन पडते, तिथून उपग्रह निश्चित दिसतो.

डिश खिडकीच्या आत ठेवावी, असेही कोणी सुचवेल. मी साध्या काचेमागे हा प्रयोग केला आहे. कोरड्या हवेत काही वाहिन्या दिसल्या, काचेवर पावसाचे पाणी ओघळू लागताच सर्व गेल्या. उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ लेप दिलेली काच असेल, तर प्रयोगही करू नये.

तिसरा मजला

दोघांचेही आभार. स्टँडकडे माझा कल झाला आहे, परंतु दोन शंका उरतात. बाहेर आलेल्या बाल्कनीवर 80 किलो कायमचे ठेवणे योग्य आहे का? आणि गोंदाविषयी कोणीच बोलले नाही.

मालकपक्ष

मी स्वतः घर भाड्याने देतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. 80 किलो म्हणजे एक धडधाकट माणूस. ज्या बाल्कनीत चार पाहुणे उभे राहतात, तिला एवढे वजन जड नाही. मात्र स्लॅबच्या खालच्या बाजूला तडे दिसत असतील किंवा गंजलेल्या सळ्यांनी गिलावा फुगून निघत असेल, तर तिथे एक कुंडीसुद्धा वाढवू नये आणि मालकाला लगेच कळवावे. वजन कठड्याच्या बाजूला न ठेवता घराच्या भिंतीकडे ठेवावे. वरच्या हिशेबानुसार डिश मागेच बसवायची असल्यामुळे हे आपोआप साधते.

गोंदाला माझा भोकाइतकाच, किंबहुना अधिक विरोध आहे. गोंद भिंतीला चिकटत नाही, तो रंगाला चिकटतो. रंग गिलाव्याला धरून असतो आणि गिलावा विटेला. वाऱ्याने हिसका दिला की यांतला सर्वांत कच्चा थर सुटतो. डिश टिकलीच, तर घर सोडताना ती उपटल्यावर तळहाताएवढा गिलावा तिच्याबरोबर येतो. भोक निदान लांबी (पुट्टी) भरून बुजवता येते.

आम्ही भोकांना का घाबरतो, हेही सांगतो. एका भाडेकरूने बाहेरच्या भिंतीत डिशसाठी चार भोके पाडली आणि जाताना वरवर बुजवली. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या खोलीत ओल उतरली आणि ती कुठून येते, हे शोधण्यात माझे पैसे आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध दोन्ही खर्ची पडले. शिवाय अनेक इमारतींत बाहेरची भिंत एकट्या मालकाची नसून सर्वांच्या सामाईक मालकीची असते, त्यामुळे इच्छा असूनही तो एकटा परवानगी देऊ शकत नाही.

म्हणून, भोक पाडायचे नसले तरी मालकाला चार ओळी लिहून द्याव्यात: डिश कठड्याच्या आत राहील, कशालाही जोडलेली नसेल, तळावर इतके वजन असेल आणि घर सोडताना सर्व काही उचलून नेले जाईल. बसवण्याआधीच्या फरशीची छायाचित्रेही सोबत जोडावीत. असे पत्र आले तर मी त्याच दिवशी होकार देईन. आणि त्याआधी एक चौकशी करावी: गच्चीवर सामाईक डिश असून तिची केबल प्रत्येक घरात आलेली असेल, तर हा सारा खटाटोप करण्याची गरजच नाही.

तारयंत्री

केबलबद्दल. एसीच्या नळीसाठी भिंतीत आधीच भोक असेल, तर दुसरा विचारच करू नका. नळीभोवतीची लांबी थोडी खरवडून केबल तिथून आत घ्यावी आणि पुन्हा लांबी भरावी. असे भोक नसेल, तर दाराच्या फटीतून जाणारा चपट्या केबलचा छोटा तुकडा मिळतो. तो चालतो, पण दार रोज त्याच्यावर आपटून तो चेपतो. केबलमधून केवळ संदेश येत नाही. सेट टॉप बॉक्स याच तारेतून एलएनबीला वीज पुरवतो, काही वाहिन्यांसाठी 13 व्होल्ट आणि काहींसाठी 18. चपटा तुकडा खराब झाला की 18 व्होल्टचा दाब वाटेत घटतो आणि निम्म्याच वाहिन्या गायब होतात. मग लोक डिश हलवू लागतात आणि जुळलेली दिशाही घालवून बसतात. निम्म्या वाहिन्या गेल्या तर आधी दाराकडे पाहावे.

हा चपटा तुकडा दाराच्या बिजागरीच्या बाजूने नेऊ नये; उघडझाप न होणाऱ्या किंवा क्वचित उघडणाऱ्या झडपेखालून न्यावा. बाहेरची केबल घरात शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर आणावी, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळावरून गळून पडते. जोडावर रबराची, स्वतःलाच चिकटणारी टेप गुंडाळावी. तंग वळणे टाळावीत. विजांचा कडकडाट असेल तेव्हा बॉक्सची केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवावेत. डिश कठड्याआड असली तरी ती धातूचीच आहे. अर्थिंग मात्र जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

तिसरा मजला

काम झाले. मालकांना पत्र दिले. त्यांनी एकच अट घातली की डिश रस्त्यावरून दिसता कामा नये आणि ती दिसतच नाही. स्टँडच्या तळावर आठ फरशा दोन थरांत रचल्या आहेत आणि डिशचा मध्य 52 सेंटीमीटरवर आहे. कठड्यापासून 70 सेंटीमीटरवर ठेवली तेव्हा संदेश कमी भरत होता. आणखी 8 सेंटीमीटर मागे सरकवल्यावर तो पूर्ण आला, कारण कठड्याच्या माथ्यावरचा पाइप मी उंचीत धरलाच नव्हता. फरशीचा उतार काढण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तीन तुकडे लागले.

एसीचे भोक शयनगृहात निघाले आणि दूरचित्रवाणी संच बैठकीच्या खोलीत आहे, त्यामुळे केबल दाराच्या चौकटीवरून फिरवून आणावी लागली. तिच्यासाठी खिळे ठोकता येत नाहीत, म्हणून सध्या ती चौकटीच्या वरच्या कडेवर नुसती ठेवलेली आहे. परवाच्या वादळी पावसात चित्र काही मिनिटे गेले. पाऊस ओसरल्यावर ते आपोआप परत आले आणि पाणसळ लावून पाहिली तर खांब होता तसाच उभा होता.