मदत हवी आहे: जळत्या तलवारीचं डॅमेज शून्य कसं?

फासेकरी: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळातली आमची अर्धी राहिलेली लढाई आज रात्री पुढे चालू होणार आहे, लवकर सांगा. तलवार जादूने पेटलेली होती. वेअरवुल्फवर (लांडगा-माणसावर) ११ स्लॅशिंग (कापण्याचं) आणि ५ फायर (आगीचं) डॅमेज आलं, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सगळंच शून्य धरलं. जादूच्या शस्त्रापुढे त्याची इम्युनिटी (डॅमेज अजिबात न लागणं) चालत नाही ना?

वेताळ२०: आवृत्ती कोणती? आणि पेटली कशाने? फ्लेम टंग (मुळातच जादूची पेटती तलवार) असेल तर पूर्ण १६ लागतात.

फासेकरी: ५ई (पाचवी आवृत्ती), २०१४ चं पुस्तक. चौथ्या लेव्हलचा पॅलाडिन (धर्मयोद्धा), साधी लाँगसोर्ड (लांब तलवार), त्यावर सीअरिंग स्माइट हा स्पेल. स्पेल म्हणजे जादूच की!

नियमावली: इथेच गल्लत होतेय. सीअरिंग स्माइट फटक्यात १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाइतकं) फायर वाढवतो, पण शस्त्र जादूचं होतं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मॅजिक वेपन या दुसऱ्या स्पेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून ११ स्लॅशिंग शून्य, हे बरोबर. पण फायरवर त्याची इम्युनिटी नाही, ते ५ लागलेच पाहिजेत. शिवाय फटका बसलाच आहे, त्यामुळे वेअरवुल्फने स्वतःच्या प्रत्येक टर्नच्या (पाळीच्या) सुरुवातीला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्यासाठी फासा टाकणं) करायचा. चुकला तर आणखी १डी६, जमला तर स्पेल संपतो.

जुना_गडी: जुन्या ३.५ आवृत्तीत हे सोपं होतं. डॅमेज रिडक्शन १०/सिल्व्हर म्हणजे साध्या शस्त्राच्या फटक्यातून सरळ १० वजा, १ तरी लागला असता.

वेताळ२०: ते ५ई खेळतायत हो. इथे इम्युनिटी म्हणजे शून्य, रेझिस्टन्स म्हणजे निम्मं. तेही प्रकारागणिक: स्लॅशिंगवर नुसता रेझिस्टन्स असता तर ११ चे ५, त्यात फायरचे पूर्ण ५, एकूण १०. बरेच डीएम १६ एकत्र करून ८ देतात, ते चूक.





फासेकरी: मग सीअरिंग स्माइट आणि मॅजिक वेपन दोन्ही स्पेल मीच टाकू का?

नियमावली: नाही, दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला एकाग्रता) लागतं, ती एका वेळी एकाच स्पेलवर. आणि मॅजिक वेपन दुसऱ्या लेव्हलचा आहे, पॅलाडिनला तो पाचव्या लेव्हलला मिळतो. पार्टीत विझार्ड (जादूगार) आहे का?

फासेकरी: आहे, चौथ्याच लेव्हलचा.

नियमावली: मग प्रश्न मिटला. स्पेल त्याने टाकायचा, कॉन्सन्ट्रेशन त्याचं, तुमचा स्माइट मोकळा. टू-हिट (फटका लागण्याचा फासा) आणि डॅमेज दोन्हींना +१ वर.

चंदेरी: त्यापेक्षा तलवारीला चांदीचा मुलामा द्या, चांदीपुढेही ती इम्युनिटी चालत नाही. १०० सुवर्णनाणी, कॉन्सन्ट्रेशनची कटकट नाही.

वेताळ२०: लढाईच्या मध्यात मुलामा कुठून देणार? शहरात पोहोचल्यावर नक्की द्या. आज रात्री डिव्हाइन स्माइटही (पॅलाडिनचा दैवी फटका) वापरा: पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट (स्पेल टाकायची एक संधी) खर्चून २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) रेडियंट (दैवी प्रकाशाचं) डॅमेज, त्यावरही त्याची इम्युनिटी नाही.

नियमावली: मॅजिक वेपनला स्पर्श लागतो, म्हणजे विझार्ड तुमच्या शेजारी हवा. स्पेल टाकला की लगेच मागे सरकू द्या. त्याला मार बसला तर कॉन्सन्ट्रेशन टिकवायला सेव्ह, गाठायचा आकडा १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जे जास्त ते. चुकला की तलवार पुन्हा साधी.