काकांची १९६४ ची स्ट्रॅटोकॅस्टर: वाजवू की जपून ठेवू? आणि इन्शुरन्सचं काय?

तारछेड:
नमस्कार मंडळी. काका गेल्यावर काकूंनी त्यांची फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार माझ्या हातात दिली. सनबर्स्ट रंग (मधे फिकट, कडेला गडद), रोझवूडचा फिंगरबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी), काका कायम सांगायचे की ही १९६४ ची आहे. त्यावरचे पहिले पाच-सहा फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) इतके झिजलेत की तार बेंड केली की नोट मधेच मरते. ओळखीतले दोघं म्हणतात आता हातच लावू नको, वाजवलीस की किंमत उतरणार, काचेच्या कपाटात ठेव. पण पहिले कॉर्ड मी काकांच्या मांडीला मांडी लावून हिच्यावरच शिकलो, ती गप्प पडलेली मला बघवत नाही. तर फ्रेट बदलले तर ती व्हिंटेज राहते का? घराच्या पॉलिसीत ती धरली जाते का? आणि हो, महिन्यातून एक-दोनदा मी मानधन घेऊन कार्यक्रम करतो, तिथे न्यावी का?

जुनं_लाकूड:
आधी १९६४ ची आहे हे नक्की कर मित्रा, कारण सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये घेतली आणि त्याच्या आधीच्या गिटारींना बाजारात वेगळाच मान आहे. नेक (गिटारीची मान) काढला की त्याच्या टाचेवर तारखेचा शिक्का असतो. पॉटच्या (आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग) पाठीवर आकडे असतात, समजा ३०४६४१० असं दिसलं तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६४ म्हणजे वर्ष आणि १० म्हणजे दहावा आठवडा. पॉटवरून एवढंच कळतं की गिटार त्याच्या आधीची नाही, पॉट कारखान्यात पडूनही राहायचे. हे सगळं जाणत्या कारागिराकडून एकदाच उघडून घे आणि त्याच वेळी भरपूर फोटो काढ, सारखे स्क्रू काढले की लाकडातली भोकं सैल होतात. कुठल्याही सोल्डरला (आतल्या वायरी जोडणारे धातूचे टाके) हात लावू देऊ नकोस, कधीच न उकललेलं सोल्डर हाच मोठा पुरावा असतो.

फ्रेटचं म्हणशील तर बिनधास्त बदल, चांगल्या हाताने केलेलं रिफ्रेट जाणकार समजून घेतात, टायर झिजले म्हणून गाडी कोणी टाकून देत नाही. फक्त एक गोष्ट कारागिराला चार वेळा सांग: १९६२ च्या मध्यापासून फेंडरने रोझवूडचा जाड थर बंद करून पातळ, वक्र थर लावायला सुरुवात केली, त्यामुळे बोर्ड जोरात घासला तर लाकूडच उरत नाही आणि बोर्डवर जागा दाखवणारे ते जुने मातकट ठिपकेही जातात. निघालेले फ्रेट पुडीत घालून केसमध्ये ठेव. काकांनी आवाजाचा प्रकार निवडायचा तीन जागांचा स्विच काढून पाच जागांचा बसवला असेल (पाचचा कारखान्यातून १९७७ ला आला, त्याआधी लोक स्वतःच बदलायचे) तर जुना स्विच घरातले सगळे डबे उपसून शोध. किंमत खरी पडते ती पुन्हा रंगवल्याने, साधारण निम्म्यावर येते. वाजवून झिजलेला रंग मला तरी रंगवलेल्यापेक्षा शंभरपट आवडतो.

पॉलिसी_नीट_वाचा:
इन्शुरन्सवर मी बोलतो कारण पोळलोय. माझी जुनी गिब्सन गिटार स्टँडवरून पडली आणि हेडस्टॉक (तारांच्या खुंट्यांचं टोक) तुटलं, गिब्सनचं हेडस्टॉक मागे झुकलेलं असतं आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडसाठी (नेकमधली सळई) लाकूड कोरलेलं, त्यामुळे ते तुटतंच. विमा कंपनीने चिकटवायचा खर्च दिला आणि फाइल बंद. गिटार वाजायला लागली पण तिची किंमत अर्धी झाली, ती अर्धी कोण देणार? तर दुरुस्तीनंतर जी किंमत घटते तीसुद्धा मिळेल असं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, तोंडी आश्वासन कामाचं नाही. दुसरं म्हणजे रक्कम आधीच ठरवून लिहिलेली हवी, नाहीतर घसारा लावून हातावर चिल्लर ठेवतात किंवा तसंच नवीन मॉडेल घ्या म्हणतात. घराच्या पॉलिसीत अशा वस्तूंना बहुतेक वेळा छोटी मर्यादा असते, आणि मानधन घेतलंस की तो व्यवसाय धरून क्लेम नाकारू शकतात, म्हणून वाद्यांची वेगळी पॉलिसी घे आणि कार्यक्रम करतो हे आधीच सांग. दमट हवा, कीड, हळूहळू होणारी झीज हे सहसा वगळलेलं असतं, पूर आणि गाडीत ठेवलेल्या गिटारीचं काय तेही विचार. मे २०१० मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला पूर आला तेव्हा साउंडचेक नावाच्या गोदामात ठेवलेल्या कितीतरी कलाकारांच्या जुन्या गिटारी पाण्यात गेल्या, आणि तिथे त्या सुरक्षित म्हणूनच ठेवलेल्या होत्या. मूल्यांकन दर दोन-तीन वर्षांनी नवीन करून घे, फोटो घराबाहेर कुठेतरी ठेव.

मंद्र_सप्तक:
घरी खुशाल वाजव पण कार्यक्रमाला नेऊ नकोस, हे माझं ठाम मत. मार्टिन या गिटार कंपनीच्या संग्रहालयाने १८७० च्या दशकातली गिटार एका सिनेमाला दिली होती, नटाला वाटलं हातातली नकली आहे आणि त्याने ती आपटून फोडली. विम्याचे पैसे मिळाले हो, पण नंतर संग्रहालयाने सिनेमांना गिटारी देणंच बंद केलं. पैशाने गिटार परत येत नाही.

जुनं_लाकूड:
@मंद्र_सप्तक नेऊ नको असं मी म्हणणार नाही, ओळखीच्या छोट्या जागी, स्वतःच्या हाताने नेऊन आणायची असेल तर न्यावी. फक्त थंडीतून आत आल्यावर केस लगेच उघडू नकोस, तशीच बंद राहू दे काही तास, एकदम ऊब लागली की नायट्रोसेल्युलोज लॅकरला (जुन्या गिटारींवरचा पातळ चकाकीचा थर) तडे जातात. रबरी स्टँडवरही ठेवू नकोस, काही रबर त्या लॅकरला खातं. आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेव, केसमध्ये छोटा हायग्रोमीटर टाकला की झालं.

तारछेड:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल कारागिराकडे उघडली. नेकवर २ मे ६४ बी असा शिक्का निघाला, त्याने सांगितलं की त्यातला २ हा स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकॅस्टर मॉडेलचा नंबर, तारखेचा नाही, आणि बी म्हणजे नेकची रुंदी. काका बरोबर होते. सोल्डर कोणी उकललेलं नाही. केसच्या कप्प्यात तीनचा स्विच मिळाला, कागदात गुंडाळलेला, वर काकांच्या अक्षरात लिहिलंय ‘फेकू नये’. फ्रेट पुढच्या आठवड्यात, बोर्ड न घासता. पॉलिसीचे कागद मागवलेत, ती किंमत घटण्याची ओळ सापडेपर्यंत सही करणार नाही.