बाबांची २४०डी आणि उजव्या सीटवरची आई – तुमच्या घरी होत्या का अशा जुन्या जर्मन गाड्या?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी विचारते, आधी थोडं सांगू दे.

बाबा मस्कतला होते. तिथं त्यांनी १९८२ची मर्सिडीज २४०डी घेतली, तीच डब्ल्यू१२३ म्हणतात ती, फिकट पिवळसर रंगाची. १९८७ला कायमचे परत आले तेव्हा टी.आर.वर, म्हणजे कायमचं परतणाऱ्यांना सामान आणायची जी सवलत असते तिच्यावर, गाडी बोटीनं मुंबईला आणली, ड्यूटी भरली आणि चालवत चिपळूणला घेऊन आले. आम्ही दोघं भावंडं तेव्हा लहान, वाडीतली सगळी पोरं रस्त्यावर येऊन उभी होती ते मला आठवतंय.

गाडी मस्कतची म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. मागे लाल रंगात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवून घेतलं होतं. आता तुम्हीच विचार करा, मुंबई-गोवा हायवे, तेव्हाचा दोन लेनचा, कशेडी घाट, पुढे एस.टी. नाहीतर लाकडाचा ट्रक, आणि बाबा बसलेत डावीकडे, त्यांना समोरून काय येतंय ते दिसतच नाही. दिसायचं कोणाला तर आईला. ती उजवीकडच्या सीटवर, खिडकीतून किंचित मान बाहेर काढून. "थांबा हां… ट्रक आहे… त्याच्यामागे अजून एक आहे… थांबा… हां, काढा आता!" आणि बाबा काढायचे. त्यात २४०डी म्हणजे दणकट गाडी पण ताकद ७२ घोड्यांची, पटकन पळणारी नाहीच, त्यामुळे मोकळा रस्ता लांबपर्यंत लागायचा आणि तो अंदाज आईला इतका पक्का बसला होता की बाबा आरशात सुद्धा बघायचे नाहीत, नुसतं "काढू?" म्हणायचे. आईनं आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही पण त्या गाडीनं जेवढ्या गाड्या ओव्हरटेक केल्या तेवढ्या सगळ्या तिनं केल्यात असं मी म्हणते.

सकाळी गाडी काढायची तर चावी अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवर पिवळा स्प्रिंगसारखा दिवा लागायचा, तो विझेपर्यंत थांबायचं. बाबा म्हणायचे "इंजिनाला आधी ऊब लागू दे". थंडीत जास्त वेळ लागायचा, तेवढ्यात आई देवाला हात जोडून यायची.

आणि २००५चा पूर. पाणी गाडीत सीटच्या खालपर्यंत आलं होतं. सगळ्या सीटा काढून अंगणात वाळत घातल्या, एकीची खालची शिवण उसवली तर आत स्प्रिंगा आणि त्याच्यावर तपकिरी जाड धाग्यांची गादी. आजीनं तो धागा दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाली, "अगो हा तर काथ्या! जर्मनीत माड असतात काय गो?" खरंच नारळाच्या काथ्यात रबर मिसळून केलेली गादी होती ती. आठ दिवसांत कडकडीत वाळली. त्या सीटांना एक वास आहे, अजून आहे, पडवीचं दार उघडलं की येतो.

बाबा २०१९ला गेले. तेव्हापासून गाडी पडवीत उभी आहे, कोणी चालू केलेली नाही. भाऊ बाहेरगावी असतो, तो म्हणतो कुणीतरी हौशी माणसाला दे, सडून जाण्यापेक्षा बरं. एक-दोघं बघूनही गेले. आई काहीच बोलत नाही, पण दर शनिवारी काचा पुसते.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्या घरी अशा जुन्या जर्मन गाड्या होत्या का, त्यांचं काय केलंत? आणि दुसरा, इतकी वर्षं उभी असलेली डिझेल गाडी चालू करायची तर सुरुवात कुठून करायची? मला गाडी चालवता येते पण त्यातलं कळत नाही काही.

खाडीपट्टा_खेड

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमची पण डब्ल्यू१२३, पण २३०ई, पेट्रोल. अब्बा कुवेतला होते, आम्ही सगळेच तिथं होतो, मी तेव्हा नऊ वर्षांचा.

२ ऑगस्ट १९९०ला इराकी सैन्य आत शिरलं. थोडे दिवस घरातच काढले, मग बाकीचे निघायला लागले तसे आम्ही पण निघालो. त्या गाडीत आम्ही नऊ माणसं. आम्ही पाच आणि शेजारचं केरळचं कुटुंब चार जणांचं, त्यांच्याकडे गाडी नव्हती. डिकीत पाण्याचे कॅन, खुबूस म्हणजे अरबी रोट्या आणि अम्मीनं तळून घेतलेल्या पुऱ्या. बसरा, बगदाद आणि तिथून जॉर्डनच्या बॉर्डरपर्यंत, हजारावर किलोमीटर, त्या उन्हात एसी बंद ठेवून कारण इंजिन तापायला नको. काट्यावर अब्बांचं लक्ष सारखं, पण गाडी एकदाही तापली नाही की बंद पडली नाही. माझी छोटी बहीण पूर्ण रस्ता मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून आली.

बॉर्डरच्या अलीकडे गाड्यांची रांग एवढी की शेवट दिसत नव्हता. पुढे गाडी नेता येणार नाही असं कळलं. लोक गाड्या रस्त्याच्या कडेला लावून चावी आतच ठेवून चालायला लागलेले. अब्बांनी गाडी नीट कडेला लावली, काचा वर केल्या, चारी दारं लॉक केली. अम्मी म्हणाली कशाला लॉक करताय. ते काही बोलले नाहीत. मग पुढे गेले, बॉनेटवरचा तारा वर ओढून फिरवला आणि काढून खिशात टाकला. मी अब्बांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही.

पुढे वाळवंटातल्या कॅम्पमध्ये तंबूत राहिलो आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. पावणेदोन लाखाच्या आसपास भारतीय तेव्हा असे आले. नंतर यू.एन.च्या कमिशनकडे फॉर्म भरून नुकसानीचे पैसे पण मिळाले काही वर्षांनी, त्यात गाडी लिहिली होती. अब्बांनी त्यातून घराचा स्लॅब टाकला.

चावी आणि तारा दोन्ही खेडच्या घरात शोकेसमध्ये आहेत. तुमच्याकडे अख्खी गाडी आहे ताई. विकू नका एवढंच सांगतो. आणि आईंना विचारा एकदा नीट समोर बसून, माणसं काचा उगाच पुसत नाहीत.

पिंपरीकर_९५

आमच्या घरी गाडी होती असं म्हणता येणार नाही, म्हणजे खूप नंतर आली, पण गाडीशी नातं त्याच्या आधीचं.

१९९५ला मर्सिडीजनं भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती आमच्या पिंपरीत, टेल्कोच्या म्हणजे टाटांच्या कारखान्याच्या आवारात. चाकणचा कारखाना २००९चा, तो खूप नंतरचा. पहिली गाडी डब्ल्यू१२४, ई२२० पेट्रोल आणि ई२५० डिझेल. आमचे वडील तिथं दारं बसवायच्या कामावर होते. त्याआधी ते ट्रकवर होते आणि त्यांना त्याचं फार अप्रूप, म्हणायचे टेल्कोच्या ट्रकवर १९६९पर्यंत हाच तारा होता, आपण काही नवीन कामाला नाही लागलो, जुन्याच घरी परत आलो.

घरी आले की हातानं दाखवायचे, दार आणि बॉडीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. बोटाच्या नखानं तपासायचे. आमच्या घरातल्या कपाटाचं दार पण त्यांनी तसंच करून घेतलं सुतारासमोर उभं राहून. त्या एका गाडीच्या किमतीत आमच्या गल्लीतले चार फ्लॅट आले असते, त्यामुळे कधी आपल्याकडे येईल हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता.

२०११ला भावानं जुनी ई२२० घेतली, १९९६ची, पिंपरीचीच. चिंचवडला घरासमोर आणून उभी केली आणि वडिलांना खाली बोलावलं. ते पुढे बसायला गेलेच नाहीत, सरळ मागच्या उजव्या दाराकडे. नख फटीतून वरून खाली फिरवलं, दार उघडलं, हलकेच सोडलं, तो जो आवाज येतो ना बसल्यासारखा, तो ऐकला. परत उघडलं, परत सोडलं. असं तीन वेळा. मग म्हणाले "पंधरा वर्षांत दार खाली बसलेलं नाही". आणि मग गाडीत बसले.

त्या गाडीला पुढच्या काचेला एकच वायपर आहे, फिरताना लांब-आखूड होत जातो म्हणून कोपरे पण पुसले जातात. पावसात भावाची मुलं फक्त तो बघायला गाडीत बसतात. ८६ टक्के काच पुसली जाते हे वडिलांनीच त्यांना शिकवलंय. गाडी अजून आहे, वडील पण आहेत, ८१ वर्षांचे. ठेवा गाडी.

नेकारकाठची_सून

मी स्टुटगार्टजवळ राहते, नवरा इथलाच. त्याच्या आजोबांची २००डी होती, तुमच्याच गाडीची धाकटी बहीण. ओपा, म्हणजे हे आजोबा, सांगतात की १९७६ला हे मॉडेल आलं तेव्हा एवढी मागणी की जवळजवळ दोन वर्षं थांबावं लागलं, आणि ज्याला लगेच हवी तो वापरलेली गाडी नव्याच्या भावात घ्यायचा. एकूण जवळपास २७ लाख गाड्या बनल्या १९८६पर्यंत. इथं ३० वर्षांवरच्या चांगल्या ठेवलेल्या गाडीला नंबरच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं आणि टॅक्स कमी लागतो, ओपांच्या गाडीला आहे. दर रविवारी चर्चला त्याच गाडीतून जातात, ताशी ६०च्या वर नाही.

इथल्या मर्सिडीजच्या म्युझियममध्ये ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची २४०डी ठेवलीय, तुमच्या गाडीच्या आधीचं मॉडेल, ४६ लाख किलोमीटर चाललेली. मी माझ्या बाबांना ती दाखवायला नेलं होतं, ते पुण्याहून आलेले. बाकी सगळ्या चकचकीत गाड्या सोडून ते त्या टॅक्सीसमोरच उभे राहिले. तुमच्या गाडीत अजून खूप आयुष्य शिल्लक आहे ताई.

डिझेलकाका

आता कामाचं बोलतो. बाकीच्यांनी आठवणी छान लिहिल्यात.

ताई, पहिली गोष्ट, तुमच्या गाडीचं इंजिन ओएम६१६. हेच इंजिन लायसन्सवर आकुर्डीला बजाज टेम्पोनं बनवलं आणि टेम्पो ट्रॅक्समध्ये, ट्रॅव्हलरमध्ये घातलं. कोकणात आणि घाटावर वडापच्या ज्या ट्रॅक्स आयुष्यभर बघितल्यात तुम्ही, त्यांच्या पोटात तुमच्या बाबांच्या गाडीचाच भाऊ होता. तेव्हा घाबरू नका, ट्रॅक्स उघडलेला जुना मिस्त्री चिपळूण-सावर्डे पट्ट्यात नक्की सापडेल, त्याला हे इंजिन परकं नाही. फक्त सगळे पार्ट जसेच्या तसे बसतील असं धरून चालू नका, मिस्त्रीला शेजारी ठेवून बघू द्या.

चावी फिरवायची घाई अजिबात नको. एवढी वर्षं उभ्या गाडीची टाकी पूर्ण रिकामी करायची, जुनं डिझेल घट्ट होऊन चिकटा धरतो, टाकीच्या तळाची जाळी पण काढून धुवायची. डिझेलचे फिल्टर दोन आहेत, एक छोटा पारदर्शक आणि एक मोठा, दोन्ही नवे. इंजिन ऑइल नवं. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवून बघायचं, मोकळं फिरतंय का. मग पंपाजवळ हातानं दाबायचं बटण असतं त्यानं डिझेल वर ओढून हवा काढायची, तेव्हा कुठे स्टार्टर. टायरवर नक्षी कितीही दिसू दे, ते बदलायचेच. आणि ब्रेक! चालू होण्याच्या आनंदात ब्रेक विसरतात लोक. सिलिंडर, होस, ऑइल सगळं बघून झाल्याशिवाय गेटच्या बाहेर काढायची नाही.

अजून एक, हे लक्षात ठेवा. या गाडीत इंजिन बंद होतं ते व्हॅक्यूमवर, म्हणजे नळ्यांतून हवा ओढून. दारांचं सेंट्रल लॉक पण व्हॅक्यूमवर. सगळीकडे बारीक नळ्या फिरवल्यात. पडवीत उभी म्हणजे उंदीर असणारच, एक नळी कुरतडली गेली असली तर चावी काढून हातात घ्याल तरी इंजिन चालूच राहील. माझ्याकडे एक गिऱ्हाईक असंच घाबरून पळत आलं होतं, गाडी घरासमोर धडधडतेय आणि चावी खिशात! बॉनेट उघडा, आत 'स्टॉप' लिहिलेलं आहे तिथं दाबून धरा, बंद होते. आधीच शोधून ठेवा ते कुठे आहे.

कागदपत्रं बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू लागतं, इम्पोर्टेड गाडीची फी जास्त आहे, आर.टी.ओ.त आजची फी विचारून घ्या. व्हिंटेजचा नवा नियम आहे पण तो ५० वर्षांवरच्या गाडीला, तुमची २०३२ला बसेल त्यात.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला अडीच महिने लागले, माफ करा. खेडच्या दादा, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, तारा काढून खिशात टाकला तिथं तिनं मला थांबवलं, उठून आत गेली आणि गाडीची फाइल आणून माझ्या हातात दिली. मस्कतच्या पावत्यांपासून सगळं बाबांनी लावून ठेवलं होतं. भावाला मी फोनवर सांगितलं, तो म्हणाला बरं झालं.

काका, ट्रॅक्सवाले मिस्त्री मिळाले, सावर्ड्यालाच. तुम्ही सांगितलं तसंच केलं त्यांनी. उंदरानं खरंच दोन नळ्या खाल्ल्या होत्या. ब्रेकचं सगळं नवं, टायर नवे, कागदपत्रांना मात्र हेलपाटे पडले पण झालं. दिवा लागला, विझला, दुसऱ्या फिरवण्यात गाडी धरली. थोडा काळा धूर, मग नेहमीचा आवाज. शेजारचे आजोबा गॅलरीतून ओरडले, "मस्कतवाले आले काय?"

काल रविवारी बाहेर काढली. मी डावीकडे, मला डावीकडून चालवायची सवय नाही, हात थरथरत होते. आई काहीही न विचारता उजवीकडे जाऊन बसली, पदर खोचला, काच खाली केली. हायवेला लागलो तर पुढे एस.टी., हळू चाललेली. मी मागे मागेच जात होते. आईनं मान थोडी बाहेर काढली.

"थांबा हां… टँकर आहे… थांबा… हां, मोकळा आहे. काढा आता."

काढली मी.