पहिल्या चित्रपटाचे कर्ज आणि दुसऱ्याची सुरुवात

पहिल्या चित्रपटाचे कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्याला हात घालू नये, हे मत मला पटत नाही. शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यावर मिळते, त्यामुळे आपल्या नागपुरात राहून काम करणाऱ्याला सुरुवातीचे भांडवल स्वतःच उभे करावे लागते. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली, ती छोटी फिल्म दाखवून भांडवल मिळवले आणि मग १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. ‘मंथन’ या चित्रपटासाठी (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले खरे, पण त्यामागे आधीच बांधलेली सहकारी संघटना होती आणि लोकवर्गणीचा सल्ला देताना नेमके हेच विसरले जाते.

मी पुढच्या फिल्मसाठी नागपूरच्या महाल भागातल्या एका बुक बाइंडरचे ४ मिनिटांचे चित्रण केले आहे: खळीने माखलेली बोटे, कूलरच्या वाऱ्याने फडफडणारे फर्मे, म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले छापील कागद. तेवढे पाहूनच एका स्नेह्याने ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला. पहिल्या फिल्मचे हप्ते अजून चालू आहेत.