मदत हवी आहे: बांधावर तरवड लावायचाय, पण बी उगवत नाही

नमस्कार मंडळी. सांगोल्याकडे आमची डाळिंबाची बाग आहे. जमीन मुरमाड, उन्हाळ्यात पाण्याची बोंब. बागेभोवती मधमाश्या-भुंगे टिकावेत म्हणून बांधावर तरवड लावायचाय. माळावर बिनपाण्याचा फुलतो, शेळ्या तोंड लावत नाहीत (कुंपणाचा खर्च वाचला!), शिवाय नवरात्रात देवीला फुलं घरचीच.

अडचण बियांची आहे. वाळलेल्या चपट्या शेंगा फोडल्या तर बऱ्याच बियांना बारीक भोकं, आतून पोखरलेल्या. निवडून चांगलं बी पिशव्यांत टोकलं, तरी मोजकीच रोपं वर आली. बाकीचं उकरून पाहिलं तर जसंच्या तसं टणक, फुगलेलंसुद्धा नाही. कवच पाणी आत घेत नाही हे दिसतंय. मग गरम पाण्यात रात्रभर भिजवायचं की पॉलिश पेपरवर घासायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी पाणी उकळतं घ्यायचं की हाताला सोसेल इतपत, तेही सांगा.

दुसरं, याचं सोटमूळ खोल जातं. पिशवीतलं रोप हलवलं तर जगतं का, की मृगाच्या पावसावर थेट बांधावरच टोकावं? अंतर किती ठेवू?

फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पानं खातील, खाऊ देत. काळजी भुंग्यांची आहे. डाळिंबावर फवारणी संध्याकाळी उशिरा घेतली तर ते वाचतात का?

नर्सरीवाले घाणेरी सुचवतात. ती बाहेरून आलेली, रान व्यापणारी, ती नकोच.