सगळ्या चौकटी एकदम लुकलुकतात, त्याबद्दल

प्रोजेक्शन मॅपिंगमध्ये, म्हणजे इमारतीवर प्रोजेक्टरने चित्र फेकताना, इंदूरच्या राजवाड्याच्या दर्शनी भागावरील प्रत्येक खिडकीभोवती प्रकाशाची धावती रेषा लावली, की सगळ्या चौकटी एकाच वेळी लुकलुकतात आणि इमारतीचा आकारच हरवतो, ही आपली अडचण आहे. त्यावर ग्लो, म्हणजे रेषेभोवतीची झळाळी, वाढवावी असा सल्ला इथे दिला गेला आहे; तो मला पटत नाही, कारण प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, आणि चौकटीबाहेर सांडलेला उजेड भोवतालची भिंत फिकट करून टाकतो. त्याऐवजी इफेक्ट एकच ठेवून प्रत्येक आकाराला त्याच्या जागेप्रमाणे थोडा थोडा उशीर द्यावा. मग रेषा दरवाजापासून निघून मजल्यामागून मजला चढत जाते आणि पाहणाऱ्याला आपला राजवाडा ओळखू येतो. रेषेच्या जाडीकडेही लक्ष द्यावे: चित्राच्या रुंदीतले 1920 पिक्सेल 20 मीटर रुंदीवर पसरले, की एक पिक्सेल जेमतेम एक सेंटीमीटरचा होतो, आणि चौकातून एवढी बारीक रेषा दिसतच नाही, म्हणून चार-पाच पिक्सेल तरी हवेत. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी असल्यामुळे एकच रंग दोन्हीकडे सारखा उमटत नाही. जेथे पृष्ठभाग गडद आहे, तेथे निळा-जांभळा टाळून पांढऱ्याच्या जवळचा रंग घ्यावा.