आधी विचारा, मग हात लावा

अपंग व्यक्तींचा मदतनीस व्हायचं तर सगळ्यात आधी संयम हवा, असं म्हणतात. पटतं. पण मला त्याहून अवघड गेलं ते स्वतःचा हात आवरणं. मी मदतनीस म्हणून ज्यांच्याकडे जाते त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. शर्टाचं एक बटण लावायला कधी चार मिनिटं लागतात. बोटं काजापर्यंत येतात, निसटतात, पुन्हा येतात. सुरुवातीला मी पटकन लावून टाकायचे. एक दिवस ते म्हणाले, "ताई, शर्ट माझा आहे ना?" तेव्हापासून विचारल्याशिवाय हात लावत नाही. व्हीलचेअरलाही नाही.

भरवतानाही तेच. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, आणि घास गिळलेला पाहूनच पुढचा चमचा. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं 19 वं कलम जरूर वाचा. कुठे आणि कोणासोबत राहायचं हे त्या व्यक्तीनेच ठरवायचं, असं त्यात स्पष्ट आहे.

आणि हो, माणसाला उचलायचं तंत्र पहिल्याच आठवड्यात नीट शिकून घ्या. कंबर आपलीच जाते.